आधी हिशेब, मग माफी

माफीवरचा उपदेश चांगला झाला की चर्चच्या मंडळीत डोळे पाणावतात. दोन-दोन वर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं उपासनेनंतर हात हातात घेतात. सोमवारी वावरात गेलं की शेजाऱ्याने कोरलेला धुरा, म्हणजे बांध, दिसतो, आणि राग होता तिथेच असतो. मग माणूस ठरवतो की आपला विश्वास कच्चा आहे, किंवा माफीबिफी हे सगळं बोलण्यापुरतंच असतं. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. आपण नेमकं काय माफ केलं, हे त्यालाच ठाऊक नसतं, एवढीच अडचण असते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, 18व्या अध्यायात, शिष्य पेत्र येशूला विचारतो, भावाला कितीदा क्षमा करायची, सात वेळा का? त्यावर येशू जो दाखला सांगतो त्याची सुरुवात आपण घाईत वाचून सोडतो. राजा आपल्या चाकरांचा हिशेब घ्यायला बसला, असं 23वं वचन म्हणतं. माफी 27व्या वचनात येते. आधी वही उघडली, आकडा ठरला, चाकर समोर उभा राहिला, आणि मग देणं सोडलं.

आकडेही पाहण्यासारखे आहेत. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची रोजी. मत्तय 20 मधला द्राक्षमळ्याचा धनी तेवढीच ठरवतो. एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दिनार. आपल्याकडची रोजी 300 रुपये धरली, तर पहिल्या चाकराचं दहा हजार तालांतांचं देणं 1800 कोटींच्या घरात जातं, आणि ज्या सोबत्याचा तो सुटताच गळा धरतो, त्याने द्यायचे शंभर दिनार होतात 30,000 रुपये. उपदेशात पहिल्या आकड्यावर भर देतात आणि दुसरा आकडा क्षुल्लक म्हणून सोडून देतात. पण 30,000 क्षुल्लक नाहीत. कोरडवाहू शेतकऱ्याचं हंगामाचं बी, खत आणि फवारणी त्यात निघते. तुझं काहीच गेलं नाही, असं येशू म्हणत नाही. गेलं आहे, मोजता येईल इतकं गेलं आहे, आणि तरीही तुला त्याहून कितीतरी मोठं देणं माफ झालं आहे, असं तो म्हणतो. दुखावलेल्या माणसाला "अरे, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसला" म्हणणारा पाळक दाखल्याचा अर्धाच भाग सांगतो.

म्हणून पहिलं काम वहीचं. शाळेच्या वहीचं एक पान पुरतं. एका माणसासाठी एक पान, आणि त्यावर त्याने केलेलीच गोष्ट. काय झालं ते तारखेसकट, निदान हंगामासकट लिहायचं: "मागच्या पेरणीत नांगराची दोन तासं (ओळी) आमच्या बाजूला आली." "नेहमीच आमच्या वाइटावर असतो" हे त्या पानावर चालत नाही, कारण "नेहमी" कोणाला माफ करता येत नाही. त्याखाली आपलं काय गेलं ते: पैसा, जमीन, झोप, चारचौघांतली पत, पोरीचं मोडलेलं सोयरिकीचं बोलणं. त्याखाली, आणि हे लिहायला सगळ्यात जड जातं, आपण त्यावर काय चढवलं ते: बोलणं तोडलं, त्याच्या लग्नाला गेलो नाही, त्याची सोयाबीन भिजली तेव्हा आतून बरं वाटलं. इफिसकरांस पत्राच्या 4:31 मध्ये पौल कडूपणापासून सुरुवात करतो आणि संताप, क्रोध, आरडाओरडा, निंदा असा उतरत दुष्टाव्यापर्यंत येतो. तिसऱ्या भागात आपली यादी बहुधा त्याच क्रमाने निघते. दुसऱ्याने केलेलं आणि आपण चढवलेलं एकाच पानावर आलं की कोणतं माफ करायचं आणि कोणत्याबद्दल स्वतः माफी मागायची, हे वेगळं होतं.

हे पान घरात कोणाच्या हाती लागू देऊ नये. काम झालं की चुलीत.

आता त्याच पानावर आणखी एक रेघ मारायची. एका बाजूला जे सोडतो ते, दुसऱ्या बाजूला जे अजून मागतो ते. ख्रिस्ती माफीत सुटतो तो सूड. रोमकरांस 12:19 तो देवाकडे सोपवायला सांगतं. मालमत्ता, खरं काय ते आणि सुरक्षितता आपोआप सुटत नाहीत. मनात आलं तर जमीनही सोडता येते, पण मग ते दान झालं, आणि दान कोणी दुसऱ्याच्या वतीने जाहीर करू नये.

हे सर्वांत जास्त बिघडतं ते बहिणीच्या वाट्यात. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि मागे बायकोमुलं असली, तर 1925चा भारतीय वारसा कायदा विधवेला एक तृतीयांश देतो आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगे आणि मुली सारख्याच वाटणीचे धरतो. आपल्याकडे काय चालतं? बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायचा, एक साडी करायची, आणि ती कुरकुरली तर करिंथकरांस पहिल्या पत्राचं 6:7 तिला ऐकवायचं: कोर्टात जाण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? पुढचं आठवं वचन मात्र कोणी वाचत नाही. तिथे पौल वळून दुसऱ्या बाजूला म्हणतो की अन्याय तर तुम्हीच करता, नाडता तर तुम्हीच, आणि तेही भावांना. बहिणीने भावाला माफ करावं आणि सातबाऱ्यावर आपलं नावही ठेवावं. यात विसंगत काही नाही.

धुऱ्याचंही तसंच. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकणं हे वैर नव्हे. दोघांच्या समोर खुणा रोवल्या गेल्या की पुढच्या पिढीचं भांडण वाचतं. वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलतदार न्यायालय कायदा 1906च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. राग धरून बसलेला माणूस नेमके हेच सहा महिने पानटपरीवर बोलण्यात घालवतो.

काही गोष्टी या वहीत येतच नाहीत. नवरा मारतो, दारू पिऊन अंगावर येतो, तिथे बाईला "जा, माफ कर, नांद" म्हणून परत पाठवणं ही क्षमा नव्हे. आधी ती आणि लेकरं सुरक्षित जागी, 112 किंवा महिलांसाठीचा 181 लावायचा, बाकी सगळं नंतर. लेकरावर कोणी लैंगिक अत्याचार केला असेल तर पंचमंडळीने बंद खोलीत मिटवायचा विषयच नाही. लेकरांच्या संरक्षणासाठीच्या 2012च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग करणारा मंडळीचा वडील, म्हणजे पंच, असो की खुद्द पाळक.

क्षमा आणि कायदा एकत्र कसे चालतात याचं आपल्या देशातलं उदाहरण सगळ्या मंडळ्यांना माहीत आहे, पण ते अर्धंच सांगितलं जातं. 1999च्या जानेवारीत, 22 आणि 23च्या मधल्या रात्री, ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं. त्यानंतरही त्या काही वर्षं बारीपद्यात कुष्ठरुग्णांचं काम करत राहिल्या. 2005 साली त्यांना पद्मश्री मिळाली. उपदेश इथे संपतो. पण खटला चालला, शिक्षा झाली, आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. क्षमेने न्यायालयाचं दार बंद झालं नाही, आणि न्यायालयामुळे क्षमा खोटी ठरली नाही.

आता त्या माणसाकडे जाण्याबद्दल. मत्तय 18:15 ते 17 मधल्या पायऱ्या साध्या आहेत: आधी एकट्याने, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो. आधी महिला मंडळात प्रार्थनेचा विषय म्हणून गोष्ट निघते ("नाव घेत नाही, पण आपल्यातल्याच एका कुटुंबासाठी प्रार्थना करा"), मग मंडळीच्या वडिलांच्या कानावर जाते, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला ती सगळ्यांत शेवटी कळते. तोवर गावभर झालेलं असतं आणि त्याला मागे हटायला जागा उरत नाही.

एकट्याने जायचं तर वेळ पाहून. संध्याकाळी दारूच्या वेळेला नाही, बाजाराच्या दिवशी नाही, आणि हातात विळा-कुऱ्हाड असताना धुऱ्यावर तर मुळीच नाही. पैशांचा विषय असेल तर कापसाचा चुकारा झाल्यावर. सकाळी त्याच्या घरी, ओसरीवर, बाकीचे कामाला गेल्यावर. बोलणं लांबवू नये. "काकाजी, भांडाले नाई आलो. मागच्या पेरणीत दोन तासं आमच्या वावरात आली, तेवढंच बोलाचं हाय." आणि गप्प राहायचं. जुनी यादी काढायची नाही. आजोबांच्या वेळची विहीर त्यात आली की बोलणं मेलं. वहीच्या तिसऱ्या भागातलं आपलं काही असेल तर तेही त्याच बैठकीत सांगायचं, आणि "पण" न लावता: "तुमच्या पोराच्या लग्नाले आलो नाई, ते चुकलं माझं." "चुकलं, पण तुम्हीही..." म्हटलं की माफी मागितलीच नाही.

"मी तुम्हाला माफ केलं" हे वाक्य मात्र समोरच्याने काही कबूल केल्याशिवाय तोंडावर फेकू नये. त्याला तो आरोप वाटतो, आणि बऱ्याचदा असतोही. मनातली माफी देवासमोर लगेच होऊ शकते; मार्क 11:25 सांगतं की प्रार्थनेला उभे राहाल तेव्हाच क्षमा करा. तोंडाने देण्याची माफी लूक 17:3 प्रमाणे समोरच्याच्या पश्चात्तापाला जोडलेली आहे. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की एक तर माणूस माफी मागितली जाण्याची वाट बघत वर्षानुवर्षं कुढतो, नाही तर न मागणाऱ्याच्या दारात माफी टाकून येतो.

तो नाकबूल गेला तर एकदोघे बरोबर घ्यायचे. आपला साळा नको, आपल्याकडून हातउसने पैसे घेतलेला नको. दोघांनाही चालेल असा एक म्हातारा पुष्कळ. शेजारी ख्रिस्ती नसेल तर तिसरी, मंडळीची, पायरी त्याला लागू होत नाही. तिथे गावातले जाणते किंवा तंटामुक्त गाव समिती. ही मोहीम राज्यात 15 ऑगस्ट 2007 पासून आहे, आणि ज्या गावात समिती अजून बसते तिथे धुऱ्याची, पाण्याच्या पाळीची भांडणं तिच्याकडे नेण्यात ख्रिस्ती माणसाला कमीपणा नाही. मंडळीचंही न ऐकणाऱ्याला जकातदारासारखा, म्हणजे तेव्हा समाजाबाहेर मानलेल्या माणसासारखा, समज, असं 17वं वचन म्हणतं, आणि हे लिहिणारा मत्तय स्वतः जकातदार होता. येशू त्याच्या पंगतीला बसला होता. म्हणजे तिथेही वाळीत टाकून शिव्या घालायची मोकळीक मिळत नाही.

प्रभुभोजनाच्या आधी दोघांना पुढे बोलावून हात मिळवायला लावणारे पाळक अकोल्या-अमरावतीकडच्या अलायन्स मंडळ्यांत आहेत, यवतमाळकडच्या फ्री मेथडिस्टांत आहेत, नागपूरकडच्या सी.एन.आय.मध्येही (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहेत. हेतू चांगला असतो. पण सगळ्या मंडळीसमोर कोण नाही म्हणेल? जो दुखावला त्याला दुसऱ्यांदा गप्प केलं जातं, एवढंच होतं. शिवाय त्यासाठी जे वचन वापरतात, वेदीपाशी दान ठेवून जा (मत्तय 5:23-24), ते ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला सांगितलेलं आहे. उठून जायचं आहे ते दोषी असलेल्याने. दुखावलेल्याला ढकलायला ते वचन नाही.

दयेचं काय? इथेही रोमकरांस 12 मध्ये क्रम आहे, आणि शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल हे 20व्या वचनात, जवळजवळ शेवटी येतं. 14व्यात आधी आशीर्वाद द्या, शाप देऊ नका. 17व्यात वाइटाची फेड वाइटाने नको. 18व्यात तुमच्याकडून होईल तितकं शांतीने राहा. "तुमच्याकडून होईल तितकं" हे शब्द पौलाने घातले म्हणून बरं. समोरच्याच्या वागण्याची जबाबदारी आपल्यावर नाही.

म्हणून सुरुवात जिभेपासून. त्याचा विषय निघाला की आपण काही जोडायचं नाही, बस. हेच काही आठवडे जमलं तर पुष्कळ. त्याच्यासाठी प्रार्थना रोज, पण दोन वाक्यांची, आणि त्याच्या गरजेची: पोरीची परीक्षा, म्हातारीचं दुखणं, कर्जाचा हप्ता. "देवा, त्याला सुबुद्धी दे" ही प्रार्थना तूर्त बाजूला ठेवावी. तिच्यात राग तसाच राहतो. मग वाटेत दिसला की "जय ख्रिस्त" किंवा "राम राम", त्याने उत्तर दिलं नाही तरी. नाताळात फराळाची ताटं फिरतात तेव्हा त्याचं घर वगळायचं नाही, कारण कोणतं घर वगळलं हे गल्लीभर कळतं. नंतर जमेल तशी कामाची मदत. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचं आभाळ आलं आणि त्याची सोयाबीन उघडी पडली असेल तर ताडपत्री नेऊन द्यावी. मोटर जळाली तर एक पाळी पाणी. रात्री दवाखान्यात न्यायला गाडी.

मदत लहान आणि गरजेची असावी. फेडता येणार नाही इतकी मोठी मदत त्याला उपकाराखाली दाबते, आणि मग तो आणखी चिडतो. केलेलं कुठे बोलायचं नाही, मंडळीतल्या साक्षीतसुद्धा नाही. आणि जेवू घालून शत्रूच्या डोक्यावर निखारे रचण्याचं जे वाक्य रोमकरांस 12:20 मध्ये आहे, ते "भाजू दे लेकाला" अशा गुप्त आनंदाने वाचत असाल तर ताडपत्री घरीच राहू द्यावी आणि पुन्हा प्रार्थनेच्या पायरीवर यावं.

दया आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे योसेफाइतकं कोणी दाखवलं नाही. भावांनी विकलेला योसेफ मिसरात मोठा अधिकारी झाला, आणि उत्पत्तीच्या 42व्या अध्यायात तेच भाऊ त्याच्याकडे धान्य घ्यायला येतात. तो त्यांना ओळखतो, पण आपली ओळख देत नाही. धान्य भरून देतो, त्यांचा पैसा गुपचूप गोण्यांत परत ठेवतो, वाटेची शिदोरीही देतो. आणि त्याच वेळी त्यांच्यातल्या शिमोनाला अडकवून ठेवतो. पुढे धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत आपला प्याला ठेवून पाहतो, की वीस वर्षांपूर्वी एका भावाला विकणारे दुसऱ्यालाही सोडून जातात का. यहूदा पुढे येऊन म्हणतो, याच्या बदली मला गुलाम ठेवा (44:33). तेव्हाच योसेफाचा बांध फुटतो. पोटाला अन्न पहिल्या भेटीपासून मिळालं, भरवशाला मात्र परीक्षा लागली. ज्याने उसने घेतलेले पैसे बुडवले त्याला आजारपणात डबा द्यावा. बँकेत जामीन राहू नये.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. त्यांचा बाप याकोब मिसरात सतरा वर्षं जगला (47:28). तो गेल्यावर भाऊ पुन्हा घाबरले, की आता हा सूड घेईल (50:15). सतरा वर्षं त्याचं अन्न खाऊनही त्यांचा विश्वास बसला नव्हता. योसेफ रडला, आणि पुन्हा एकदा त्यांना आणि त्यांच्या लेकरांना पोसण्याचं वचन दिलं. माफी दिली तरी समोरचा ती घेईलच असं नाही. त्याला पुन्हा सांगावं लागतं.

स्वतःलाही पुन्हा सांगावं लागतं. इब्री लोकांस पत्राचं 12:15 कडूपणाच्या मुळाबद्दल बोलतं, आणि काळ्या जमिनीत कुंदा पाहिलेल्याला ते समजावून सांगायला नको: वरून कितीही खुरपा, खालची गाठ राहिली की पुढच्या पावसात तो पुन्हा हजर. पेरणीला, डवरणीला, वेचणीला तोच धुरा दिसणार आहे. प्रत्येक वेळी राग आला म्हणजे आधीची माफी खोटी होती असं नाही. सात वेळा नव्हे, सत्तर गुणिले सात, हा येशूने पेत्राला दिलेला हिशेब एकाच जुन्या गोष्टीलाही लागू पडतो. तेव्हा लांबलचक काही करू नये. "हे सोडलं आहे, प्रभू, आजही सोडतो" एवढं म्हणून वखर पुढे न्यावा. झोपेपर्यंत राग उरलाच तर इफिस 4:26 प्रमाणे त्याच संध्याकाळी घरातल्या एका माणसाजवळ बोलून टाकावा. एकाजवळच.

देवावरचा राग हा निराळा विषय आहे आणि त्याला उपदेशाची गरज कमी असते. बोंडअळीने कपाशी गेली, तरणा पोरगा गेला, अशा घरी "देवाची इच्छा" म्हणत बसू नये. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी बेथलेहेमला परतल्यावर, मला 'मारा' (म्हणजे कडू) या नावाने हाक मारा, सर्वसमर्थाने मला कडू दिवस दाखवले, असं उघड बोलली (रूथ 1:20), आणि शास्त्राने तिचं बोलणं खोडलं नाही. तिच्याजवळ तिची सून रूथ राहिली, आणि वेचून आणलेलं जव तिच्यापुढे ठेवलं.

वहीत आपणच देणेकरी निघालो तर? तेव्हा "माफ करा" पुरेसं नाही. लेवीय 6:5 मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगतं. 10,000 बुडवले असतील तर 12,000. जकातदार जक्कयाने तर येशूसमोर चौपट कबूल केलं. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवावेत, कागदावर, एका साक्षीदारासमोर, आणि पहिला हप्ता माफी मागायला जातानाच खिशात असावा. ज्याचं देणं तो वारला असेल तर ते त्याच्या बायकोमुलांना द्यायचं. कोणीच जवळचं उरलं नसेल तर गणना 5:8 ते याजकाकडे द्यायला सांगतं. आपल्याकडे मंडळीच्या गरीबनिधीत, पावती घेऊन.